मंगळवारचा बाप्तिस्मा

“मी नाही कुठं म्हटलं, गुरुजी? मी फक्त मंगळवारी म्हटलं.”

हनोखगुरुजी लिंबाच्या आळ्यातलं गवत उपटत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मंगळवारीच का?”

“मंगळवारी चर्चमध्ये कोणी नसतं.”

गुरुजींनी आणखी एक मूठ गवत उपटून बाजूला टाकलं.

सुजन मकासरे अठ्ठावीस वर्षांचा होता. गोदाकाठच्या एका तालुक्याच्या गावी चर्चचा पाळक म्हणून येऊन त्याला आठ महिने झाले होते. धर्मशिक्षणाच्या परीक्षेत तो पहिला आला होता आणि ही गोष्ट तो विसरत नसे. हनोख आढाव हे त्या शिक्षणातले त्याचे शिक्षक. निवृत्त होऊन ते जवळच्याच एका वस्तीवर राहायला आले होते. काही अडलं की सुजन मोटारसायकल काढून त्यांच्याकडे येई.

आज मात्र त्याचं काही अडलं नव्हतं. अडलेलं कसं सोडवलं, ते सांगायला तो आला होता.

गोष्ट होती शलोमी त्रिभुवनची. शलोमी गावातल्या प्रसूतिगृहात आया होती. लग्नाचा शब्द दिलेला माणूस, तिला दिवस गेल्याचं कळल्यावर, फोन बंद करून निघून गेला. सगळ्यांनी तिला एकच सांगितलं. लांब कुठंतरी जा, मूल आश्रमात दे, मग परत ये.

ती कुठंही गेली नाही. ज्या प्रसूतिगृहात ती काम करत होती, तिथंच बाळंत झाली. दोन महिन्यांनी पुन्हा कामावर उभी राहिली. मुलीचं नाव तिनं रिबका ठेवलं. रिबका आता चौदा महिन्यांची होती, आणि दर रविवारी तिला कडेवर घेऊन शलोमी उपासनेला येत होती.

आता तिनं मुलीचा बाप्तिस्मा मागितला होता.

चर्चच्या मंडळीचे पंच नाही म्हणाले. पंचांमध्ये सगळ्यात वडील याकोब पारधे. ते म्हणाले, “आमच्याही घरात मुली आहेत, पाळकसाहेब.”

तेव्हा सुजननं मार्ग काढला. मंगळवारी दुपारी, दोन साक्षीदार, दार लावून.

“दयाही झाली आणि शिस्तही राहिली,” तो गुरुजींना म्हणाला. “पंचांनीही मान्य केलं.”

“आणि तिनं?”



“ती बरं म्हणाली. फक्त एक विचारलं तिनं…”

“काय?”

“दार आतून लावणार की बाहेरून.”

गुरुजींचा हात थांबला.

“मग? काय सांगितलंस?”

“काही सुचलं नाही.”

 मग गुरुजी गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले. मातीचे हात लेंग्याला पुसले.

“सुजन, तू त्या बाईकडं कधी काही मागितलंस?”

“मी? मागायला ती आली होती, गुरुजी. द्यायचं मला होतं.”

“म्हणून विचारतो.”

“तिच्याकडं मागण्यासारखं आहे काय? एका खोलीत राहते.”

“मला काय माहीत? जा, मागून ये.”

“पण काय मागू?”

“तुझ्याकडं जे नाही ते.”

एवढं बोलून गुरुजी हात धुवायला गेले.

सुजन चिडला होता. तरी तो गेला.

पिठाच्या गिरणीमागं शलोमीची खोली होती. ती सकाळची ड्यूटी करून नुकतीच आली होती आणि मुलीला मऊ भात भरवत होती. पाळकांना दारात बघून तिनं पदर सावरला, खुर्ची पुढं सरकवली.

“मंगळवार बदलला का?” तिनं विचारलं.

“नाही. तसं नाही.”

तो बसला.  रिबकानं भाताचं एक शीत उचलून त्याच्यापुढं धरलं. त्यानं ते घेतलं नाही, मग घेतलं.

“शलोमी, तुला भीती नाही वाटत? रविवारी एवढ्या लोकांतून चालत येताना?”

“वाटते की.”

“मग?”

“दारातून पहिल्या खांबापर्यंतच वाटते. पुढं ही केस ओढायला लागते, मग ध्यानात राहत नाही.”

तिनं मुलीचं तोंड पुसलं. गिरणीचा पट्टा थांबला आणि खोली एकदम शांत झाली.

सुजननं आठ महिन्यांत जे कोणाला सांगितलं नव्हतं, ते त्याच्या तोंडून निघून गेलं.

“मला पंचांची भीती वाटते. पारधेकाका बैठकीत खाकरले तरी मी बोलायचं ते बदलतो. मंगळवार मी तुझ्यासाठी काढला नव्हता. माझ्यासाठी काढला होता.”

शलोमीनं भाताची वाटी खाली ठेवली. तिला नवल वाटल्याचं दिसलं नाही.

सुजन खुर्चीवरून उठला. उभा राहिला. मग खाली, तिच्यासमोर जमिनीवर बसला.

“शलोमीताई… माझ्यासाठी प्रार्थना कराल?”

आता मात्र ती त्याच्याकडे बघतच राहिली. गेल्या दोन वर्षांत पुष्कळ जणांनी तिच्यासाठी प्रार्थना केली होती. काहींनी मोठ्यानं, ती ऐकत असताना, तिच्या पापाचं नाव घेऊन केली होती. तिच्याकडे प्रार्थना कोणीच मागितली नव्हती.

“मला तुमच्यासारखं येत नाही,” ती म्हणाली.

“जशी येते तशी करा.”

तिनं खरकटा हात पदराला पुसला. मुलीला मांडीवर घेतलं. डोळे मिटले.

“प्रभू, पाळकसाहेबांना धीर दे. ते एकटे पडलेत, त्यांची आई लांब आहे. पारधेकाकांचा राग कमी कर. ते वाईट नाहीत, त्यांना त्यांच्या पोरींची काळजी आहे. त्यांच्या सुनेला सातवा लागलाय, मागच्या वेळी तिचं मूल गेलं, या वेळी नीट पार पाड. मी असेन तिच्यापाशी. आमेन.”

 सुजननं नुसती मान हलवली.

रविवारच्या उपासनेत त्यानं स्वतः जाहीर केलं, “आज रिबका शलोमी त्रिभुवन हिचा बाप्तिस्मा आहे.”

याकोब पारधे उठले. छत्री घेऊन मधल्या वाटेनं बाहेर गेले. त्यांच्यामागं आणखी एक पंच गेले. तिसरे अर्धे उठले, आजूबाजूला पाहिलं आणि पुन्हा बसले.

शलोमी पुढं उभी होती. पावलांचा आवाज संपेपर्यंत ती थांबली.

 सुजननं विचारलं, “या बाळासाठी आईबरोबर साक्षीदार म्हणून कोण उभं राहील?”

कोणी हललं नाही.

मग बायकांच्या बाजूनं बाक करकरला. पारधेंची सून एका हातानं कंबर धरून उठत होती. तिच्या सासूनं तिचा पदर धरला. तिनं तो हळूच सोडवून घेतला. अवघडलेल्या चालीनं ती पुढं आली आणि शलोमीच्या शेजारी उभी राहिली.

“मी आहे,” ती म्हणाली.

सुजननं रिबकाला हातात घेतलं. पाणी डोक्यावर पडलं तशी ती दचकली आणि मग त्याच्या कॉलरला धरून हसली. पुरुषांच्या बाकांवरही दोघातिघांनी डोळे पुसले.

हनोखगुरुजी त्या दिवशी एस.टी.नं आले होते. जागा मिळाली तिथं, शाळेच्या पोरांमध्ये बसले होते.

उपासना संपली. अंगणात बायका शलोमीभोवती जमल्या होत्या. कोणी मुलीला घेत होतं, कोणी नुसतं लांबून बघत होतं. दोन बायका फाटकातून न बोलता निघून गेल्या. शलोमी पारधेंच्या सुनेला सावलीत बसवून तिच्या पायांवरची सूज बोटानं दाबून बघत होती.

सुजन गुरुजींपाशी आला. त्याचा चेहरा उजळला होता.

“पंच जिल्ह्याच्या चर्च-वरिष्ठांना पत्र लिहिणार आहेत,” तो म्हणाला. “माझी बदली होईल कदाचित.”

“होईल.”

“होऊ दे. आता भीती वाटत नाही.”

गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. 

मग सुजन म्हणाला, “काही झालं तरी, गुरुजी… आज आपण तिला तिचा मान दिला.”

गुरुजी शलोमीकडे बघत होते. त्यांनी सुजनच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

“तिचा मान द्यायला तुझ्याकडं कधी होता?”