पिंडाला शिवलेला कावळा

फार जुनी गोष्ट. कावळी गेल्यावर एका कावळ्याने घाटावरच्या देवळातल्या घंटेला विचारले, "ती कुठे गेली?"

"देवाजवळ," घंटा म्हणाली. दर्ग्यातल्या चिंचेने तेच सांगितले, चर्चमधल्या मेणबत्तीनेही.

"पाहून आलीस का?" कावळा प्रत्येकीला विचारी. पाहून कोणीच आली नव्हती. "थापाड्या कुठल्या," म्हणत तो नदीकडे परतला.

घाटावर एक म्हातारी नवऱ्यासाठी पिंड ठेवून सकाळपासून उपाशी बसली होती. "शिव रे बाबा," ती म्हणाली. "ते सुखात आहेत, एवढं कळू दे."

कावळ्याला तिच्या नवऱ्याचे काहीच ठाऊक नव्हते. बराच वेळ तो तिच्याकडे पाहत राहिला. मग पुढे होऊन त्याने पिंडाला चोच लावली.

"काय सांगितलंस तिला?" घंटेने विचारले.

"तू मला सांगितलंस तेच," कावळा म्हणाला.