ठकूबाईची काथवट

पुष्कळ वर्षं झाली. येळी नदीवर तेव्हा पूल नव्हता, आणि पलीकडं जायची कुणाला घाईही नव्हती. त्या काळी तांबूळवाडीत ठकूबाई झारेकरीण राहायची. झारेकरीण म्हणजे सोनारांच्या दुकानातला केर, राख, गटारातला गाळ धुऊन त्यातनं सोन्याचे कण काढणारी. गाळ धुवायची एक लाकडी काथवट, एक चाळण, एक लोहचुंबक, एवढाच तिचा संसार. आणि लहानू नावाचा नवरा. तो काठावर तंबाखू चोळत बसायचा आणि विचारायचा, "सापडलं का गं?" ती म्हणायची, "थांबा की जरा." चाळीस वर्षं त्यांचं एवढंच बोलणं झालं, आणि दोघांना ते पुरलं.

काहीही मिसळू दे, ठकूबाई वेगळं करायची. मिठात वाळू सांडली की ती पाणी ओतायची. मीठ विरघळायचं, वाळू तळाला बसायची. वरचं पाणी आटवलं की मीठ परत. दोन म्हशींचं दूध एका हंड्यात ओतलं तरी कुठलं कुठल्या म्हशीचं ते ती निवडून द्यायची, असं म्हणतात. म्हशींनी कधी तक्रार केली नाही.

गावाला तिची आठवण काही मिसळलं की यायची. लोक दारात यायचे, "बघ गं ठकूबाई" म्हणायचे, आणि निवडलेलं घेऊन जायचे. "जेवलीस का?" असं कुणी विचारलं नाही.

ती हरली एकदाच. पाटील ओंजळभर तांबडा गंज घेऊन आले. म्हणाले, "ही आमच्या आज्याची तलवार. हिच्यातनं गंज तेवढा काढ."

तिनं चाळलं, धुतलं, लोहचुंबक फिरवलं. गंज ढिम्म.

"पाटील, हे मिसळलेलं न्हाई," ती म्हणाली. "मिसळलेलं नुसतं शेजारी बसलेलं असतं, उठवलं की उठतं. हे एकजीव झालंय. लोखंडाला हवा लागली, पाणी लागलं, आता ते तिसरंच काहीतरी झालं."

"मग तलवार?"

"तलवार गेली."

पाटलांनी तलवारीचं तीन दिवस सुतक पाळलं, असं म्हणतात.

मग लहानू गेला. रिवाजाप्रमाणे त्याच्या तोंडात सोन्याचा मणी ठेवला, नदीकाठी अग्नी दिला, तिसऱ्या दिवशी राख येळीत सोडली. गाव घरी गेलं. ठकूबाई गेली नाही. तिला वाटलं, राख पाण्यात मिसळलीय. मिसळलीय म्हणजे निघेल. लहानू निघेल.

तेरा दिवस ती खालच्या अंगाला काथवट हलवत बसली. वाळू वेगळी निघाली, राख वेगळी निघाली. आणि चौदाव्या दिवशी मणी निघाला. नागूशेट सोनारानं तो कसोटीवर घासून बघितला.

"ठकूबाई, तोच हा. मीच घडवलेला."

"जळला कसा न्हाई?"

"सोनं ते. जाळ, ठेच, तुकडे कर, सोनंच राहणार. त्याच्यात दुसरं काही नाहीच, तर निघणार काय? एकटं असतं ते."

तिनं राखेचा ढीग पुढं सरकवला. "आणि ह्यातनं?"

नागूशेटनं चिमूटभर राख बोटांत चोळून बघितली. मग म्हणाला, "पाटलाची तलवार आठव."

तो गेल्यावर ती लहानूच्या जागेवर जाऊन बसली. "सापडलं का गं?" तिनंच विचारलं. "थांबा की जरा," तिनंच सांगितलं.

पण झारेकरीण ती. तिला वाटलं, राख तर इथं आहे, धूर कुठं गेला? ती चाळण घेऊन टेकडीवर चढली आणि वारा चाळायला लागली. सात वर्षं चाळला. त्या सात वर्षांत तांबूळवाडीत कुणाच्या वाळत घातलेल्या धोतरावर धूळ बसली नाही, असं म्हणतात. खालून बायका ओरडायच्या, "ठकूबाई, डाळीत खडे गं!" मग ती उरलेल्या हातानं डाळ निवडून द्यायची.

एके सकाळी ती टेकडीवर नव्हती. नदीत नुसती काथवट तरंगत होती. ठकूबाई बुडाली नाही, विरघळली, असं म्हणतात.

गाव पहिल्यांदा घाबरलं. पाटील म्हणाले, "विरघळलेलं परत निघतं, तीच सांगायची." गावानं लग्नातली मोठी कढई काढली आणि येळीचं पाणी आटवायला घेतलं. तीन दिवस आटवलं. तळाशी चिमूटभर मीठ उरलं. ते बघून पाटील रडले, कढईतच रडले. मग त्या मिठात ठकूबाई किती आणि पाटील किती, ते कुणालाच सांगता येईना. निवडून देणारी तर गेली होती.

अजूनही ती गेली त्या तिथीला तांबूळवाडीत घरटी एक मूठ तांदूळ आणि एक मूठ वाळू कालवतात आणि काठावर काथवटीत ठेवतात. तिला काम असावं म्हणून. संध्याकाळपर्यंत वाळू तेवढी उरते. चिमण्यांचं नाव गावात कुणी काढत नाही.

परत निघताना गावातलं सगळ्यांत म्हातारं माणूस पाण्याजवळ वाकतं आणि विचारतं, "ठकूबाई, जेवलीस का?"

मग सगळे जरा थांबतात.