झऱ्यात बसलेला हत्ती

फार पूर्वी खडकमाळावर एकच झरा होता आणि त्यात एक हत्ती ठाण मांडून बसला होता. तो सोंडेने थोडं पाणी बाहेर उडवायचा. तहानलेले प्राणी ते चाटायचे आणि त्यालाच दाता म्हणायचे.

एका उन्हाळ्यात एका काटेरी साळूचं पिल्लू तहानेने मेलं. ती हत्तीसमोर उभी राहिली. "तुझं दान नको. झऱ्यातून ऊठ."

"मग तुम्हाला पाणी कोण पाजणार?" हत्ती हसला.

साळू उतारावर जाऊन माती उकरू लागली. ससे, कोल्हे, रानडुकरं, सगळेच संतापून तिच्याबरोबर खणू लागले. पावसाळ्यात तिथे तळं भरलं.

पुढे झरा आटला, तेव्हा हत्ती तळ्यावर आला. साळूने काटे फुलवले.

"पाणी पी, पण आत बसायचं नाही. आणि उद्या गाळ काढायला ये."