भिरकी आणि दगडाखालची शेंग

एक होती खार. इवलीशी खार. नाव तिचं भिरकी.
पाय तिचे तुरु तुरु. मन तिचं भिर भिर.

एकदा काय झालं, भिरकीला मिळाली एक शेंग. भुईमुगाची. चांगली टपोरी!
भिरकी कुंपणावर बसली. आता खाणार, तोच दिसलं बोर. मग दिसला पेरू.
"शेंग खाऊ की बोर खाऊ? बोर खाऊ की पेरू खाऊ? पेरू खाऊ की शेंग खाऊ?"
इकडे बघ, तिकडे बघ. मन भिर भिर भिर. काही केल्या ठरेना.

तेवढ्यात बोर नेलं मैनेने. पेरू नेला पोपटाने. आणि शेंग? शेंग हातातून निसटली. टुप्! गेली घरंगळत मोठ्या दगडाखाली.

भिरकीने हात घातला. पुरेना. नाक घातलं. शिरेना. दगड ढकलला. हलेना.
पोट म्हणालं गुर्र गुर्र. सकाळपासून काही खाल्लंच नव्हतं ना!

भिरकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.
गोठ्यात बसली होती म्हैस. काळी काळी, ही एवढी मोठी.
"म्हैसताई, म्हैसताई, दगड ढकल ना!
शेंग मला मिळेना!"
म्हैस म्हणाली, "हम्म्! पोट माझं रिकामं. आधी आण गवत, मग ढकलीन दगड."

भिरकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.
बांधावर होती सोनाकाकू. हातात विळा, डोईला फडकं.
"सोनाकाकू, सोनाकाकू, गवत काप ना!
म्हैस दगड ढकलेना,
शेंग मला मिळेना!"
सोनाकाकू म्हणाली, "कशाने कापू बाई? विळा झालाय बोथट. आधी आण धार लावून, मग कापीन गवत."

भिरकीने विळ्याची मूठ दातात धरली. ओढत निघाली. खर्र खर्र, खर्र खर्र.
वाटेत दिसलं फुलपाखरू. पिवळं पिवळं! भिरकी गेली त्याच्या मागे. या झुडपावर, त्या झुडपावर. विळा राहिला वाटेत.
"अगंबाई! मी कुठे निघाले होते?"
पोट म्हणालं गुर्र गुर्र. भिरकीला आठवलं. परत फिरली, विळा धरला. आता विसरायचं नाही! मनात घोकत घोकत गेली.

झाडाखाली होता लोहारदादा. हातात हातोडा, कपाळावर घाम.
"लोहारदादा, लोहारदादा, धार लाव ना!
काकू गवत कापेना,
म्हैस दगड ढकलेना,
शेंग मला मिळेना!"
लोहारदादा म्हणाला, "विळा तापवायला हवा विस्तव. विस्तवाला हवा भाता. भाता ओढते माझी गोदी, आणि गोदी बसलीय रुसून. आधी तिला हसव, मग लावीन धार."

भिरकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.
ओट्यावर होती गोदी. गाल फुगलेले. वेणी मोकळी.
"गोदीताई, गोदीताई, भाता ओढ ना!
लोहार धार लावेना,
काकू गवत कापेना,
म्हैस दगड ढकलेना,
शेंग मला मिळेना!"
गोदी म्हणाली, "सगळ्या मुलींनी फूल माळलंय. मलाच नाही! आधी आण एक फूल, मग ओढीन भाता."
"कुठलं फूल?"
"कुठलंही!"

कुठलंही! म्हणजे पुन्हा भिरकीनेच ठरवायचं!

भिरकी निघाली. तुरु... तुरु...
मळ्यात होती तानूमावशी माळीण. पुढ्यात टोपली. टोपलीत फुलंच फुलं!
"तानूमावशी, तानूमावशी, फूल दे ना!
गोदी भाता ओढेना,
लोहार धार लावेना,
काकू गवत कापेना,
म्हैस दगड ढकलेना,
शेंग मला मिळेना!"
तानूमावशी म्हणाली, "घे की! हवं ते घे."

भिरकीने बघितलं. झेंडू घेऊ की शेवंती घेऊ? शेवंती घेऊ की अबोली घेऊ? अबोली घेऊ की मोगरा घेऊ? मोगरा घेऊ की जास्वंद घेऊ?
मन भिर भिर भिर. भिर भिर भिर!
भिरकी मटकन खाली बसली. डोळ्यांत आलं पाणी.
"मावशी गं,
फूल कुठलं ठरेना,
गोदी भाता ओढेना,
लोहार धार लावेना,
काकू गवत कापेना,
म्हैस दगड ढकलेना,
शेंग मला मिळेना! मला कधी काही ठरवताच येत नाही!"

तानूमावशी हसली नाही. रागावली नाही. म्हणाली, "ये अशी जवळ. तुझं काही चुकलं नाही गं. फुलंच किती आहेत ही!"
मावशीने टोपलीवर पदर टाकला. फुलं झाली गडप.
एका हातात धरला झेंडू. एका हातात धरली अबोली.
"आता बघ. हे की हे?"
भिरकीने बघितलं. हे. की हे.
मन भिर भिर... भिर... थांबलं.
"हे!" भिरकीने अबोली घेतली.
मग हळूच म्हणाली, "झेंडू रागावेल का?"
"छे गं! झेंडू जाईल देवाला. तू पळ!"

भिरकी पळाली. तुरु तुरु तुरु तुरु!
फूल मिळालं गोदीला. गोदी हसली खुदकन.
गोदीने भाता ओढला. फुस् फुस्!
लोहाराने धार लावली. ठण् ठण्!
काकूने गवत कापलं. खस् खस्!
म्हशीने गवत खाल्लं. मच् मच्!
मग म्हैस उठली. कुंपणापाशी आली. दगडाला डोकं लावलं. हूं! दगड सरकला. गड गड गड!

आणि खाली काय?
शेंग! भिरकीची शेंग! थोडी मातीत माखलेली.
भिरकीने ती पुसली. फोडली. टच्च! आत गुलाबी गुलाबी दाणे. कुटुम कुटुम, कुटुम कुटुम.
पोट म्हणालं, "हं."

मग भिरकी चढली म्हशीच्या पाठीवर. पाठ ऊन ऊन होती. वर आभाळात ढगच ढग. एक सशासारखा. एक भाकरीसारखा. एक नुसताच ढग.
भिरकीचं मन भिर भिर करत सगळ्या ढगांवरून फिरून आलं. फिरू दे की! ढगांतला एकच थोडा निवडायचा असतो?

शेंग पोटात, टरफल वाटेत, आणि गोष्ट आपल्या ओठांत!