इराणीणीच्या दगडाचे सात खळगे

हा जुन्या वाटेकडेचा काळा दगड पाहायला तुम्ही वाकलात, हे बरे केलेत. बहुतेक पाहुणे उभ्यानेच फोटो काढतात आणि समुद्राकडे जातात. पांडव इथे जेवायला बसले होते आणि ही त्यांची पाने, असे आमच्या चिंबाड्यातला प्रत्येक रिक्षावाला तुम्हाला सांगेल. पण खळगे बघा किती उथळ, आणि दगड बघा किती बुटका. भीम इथे जेवला असेल तर तो उपाशीच उठला. या दगडाची उंची नुकत्याच चालू लागलेल्या लेकराच्या कोपराएवढी आहे, आणि खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

डहाणूच्या या किनाऱ्यावर चिकूच्या वाड्या नवीन होत्या तेव्हा खोदादाद नावाचा एक इराणी इथे आला, असे सांगतात. ही मागची वाडी त्याने लावली. त्याला झाडे लावायची घाई होती, माणसे जोडायची नव्हती. बायकोचे नाव गोहरबानू. त्यांना मुलगा झाला तो इथेच, बेहराम. घर कोळीवाड्यापासून लांब, भाषा निराळी, चहूकडे कुंपण. बेहराम चालू लागला तरी त्याने दुसरे मूल जवळून पाहिले नव्हते म्हणे. रस्त्याने पोरे ओरडत गेली की तो कुंपणाला चिकटून उभा राही, आणि आवाज विरल्यावरही बराच वेळ तिथून हलत नसे.

आईला हे बघवेना. तिच्या देशात वसंताचा पहिला दिवस म्हणजे नवरोज. त्या दिवशी घरोघर सात वस्तू मांडतात आणि शेजारपाजारची पोरे त्यांभोवती जमतात. घरात मांडून इथे कोण येणार? म्हणून तिने पाथरवटाकडून हा दगड घडवून घेतला आणि फाटकाबाहेर, जाण्यायेण्याच्या वाटेवर ठेवला. तिकडच्या वस्तू इथे मिळेनात; मिळाले त्यावर तिने भागवले. एका खळग्यात गव्हाचे हिरवे कोंब, तळहात फिरवला की गुदगुल्या करणारे. एकात शिंपल्या. एकात लसणाच्या साली, मुठीत कुरकुरणाऱ्या. एकात गव्हाची चिकट गोड खळ, एकात बोरे, एकात मोगरा घातलेले गार पाणी. शेवटच्यात कांद्याच्या सालीत उकळून तांबडी केलेली अंडी. मागे आरसा टेकवला, पोरांना आपले माखलेले तोंड दिसावे म्हणून. मग ती बेहरामला घेऊन शेजारी बसली आणि वाट पाहू लागली.

आता हेच सगळे गावाच्या डोळ्यांनी पाहा. भर वाटेवर कोंब, लसूण, फुलांचे पाणी, तांबडी अंडी आणि आरसा. घरातले दुखणे ओवाळून वाटेवर ठेवायचे, म्हणजे जो ओलांडेल त्याच्यामागे ते जाते, याला आमच्याकडे उतारा म्हणतात. गावाने असा उतारा जन्मात पाहिला नव्हता.

"एवढा मोठा? घरात दुखणं तरी केवढं असेल!" एक म्हणाली.

"आपण नारळावर भागवतो, बाय. पैसेवाल्यांचा उतारा असाच असणार," दुसरी म्हणाली.

सगळे गाव खाली उतरले आणि खाडीकाठच्या खाजणाच्या चिखलातून वळसा घालून बाजाराला गेले. तुम्ही आलात तो डांबरी रस्ता तोच वळसा. भीतीने पाडलेल्या वाटेवर पुढे सरकारने डांबर घातले, एवढीच आमच्या गावाची प्रगती.

दिवसभर कोणी आले नाही. तेव्हा गोहरबानूने सातव्या खळग्याशी जाऊन त्यात आपला हात घातला आणि बारीक आवाज काढून ती बेहरामशी बोलू लागली, जणू तिथे दुसरे मूल बसले आहे. बेहराम त्या हाताला बोरे देई, त्याच्यापासून शिंपल्या लपवी. आई शेजारीच आहे हे त्याला दिसत होते. पण त्या हाताला तो आई म्हणत नसे, असे सांगतात.

पुढच्या वसंतात तसेच झाले. मग एका वैशाखात बेहरामला ताप आला आणि तो गेला. उतारा उलटला, असे गाव म्हणाले. गावाला कारण सापडले की गाव शांत झोपते.

त्यानंतरच्या नवरोजला ती दगड मांडणार नव्हती. पण हाताच्या सवयीने गहू भिजत घातले गेले होते आणि त्यांना कोंब आले. कोंब फेकवेनात, म्हणून तिने सगळेच मांडले. आणि दगडाकडे पाठ करून बसली.

त्या दिवशी कोळीवाड्यातली सखवार आपला नातू धाकू याला घेऊन खाजणातून चालली होती. धाकू नुकताच चालू लागला होता. उतारा म्हणजे काय हे कळायला वय लागते. त्याचे ते झालेले नव्हते. तो आजीचा हात सोडवून सरळ वर गेला आणि दोन्ही हात कोंबांत घालून हसला.

ते हसू ऐकून गोहरबानू वळली. इतकी वर्षे जे मागितले ते समोर होते, पण तिने लेकराला हात लावला नाही. गाव आपल्याला भिते, एवढे तिला आता कळत होते. ती हात मांडीवर आवळून बसली. सखवार किंचाळत आली, नातवाला ओढू लागली. धाकूने कोंब मुठीत धरून ठेवले होते. त्याची मूठ सोडवायला सखवारला आपला हात खळग्यात घालावा लागला. आणि ती थांबली.

"अगो, हे तर नुसते गहू!" ती म्हणाली. "बाय, हा उतारा नाय?"

"उतारा म्हणजे?"

"आपलं दुखणं वाटेवर ठेवायचं. दुसऱ्यानं न्यायला."

गोहरबानूने मागच्या रिकाम्या कुंपणाकडे पाहिले. "नाय, बाय," ती म्हणाली. "माझं माझ्यापाशीच आहे."

सखवार खाली बसली. नातवाने अंडे फोडून खाल्ले तरी ती उठली नाही. धाकूला काही होते का, याची गाव बरेच दिवस आशेने वाट पाहत होते. त्याला साधी शिंकही आली नाही. पुढच्या वसंतात वळशाची वाट सोडून काही बाया लेकरांसह वर आल्या. गोहरबानू सातव्या खळग्याशी बसली होती, हात आत घालून.

आजही एकवीस मार्चला हा दगड मांडतात. लेकराला आणणाऱ्याने आधी आपला हात घालायचा, मग लेकराचा. सहा खळगे लेकरांचे. सातव्याशी मात्र मूल बसवत नाहीत. तिथे एखादे एकटे मोठे माणूस बसते, आणि शेजारी ज्याला कोणी सोबती नसेल त्या लेकराशी खेळते. बोलायचे ते बारीक आवाजात.

या जागेसाठी अर्ज मागवत नाहीत. कोणाच्या घरात कोण एकटे उरले आहे, ते गावाला ठाऊक असते. गेली काही वर्षे तिथे मी बसतो. आवाज काही जमत नाही. पण लेकरे बोरे देतात.