लिंबाजी भडभुंज्याचं पथ्य

तापलेल्या वाळूत मूठभर तांदूळ टाकले की आधी क्षणभर काहीच होत नाही. मग एकदम तडतड सुरू होते आणि सगळी कढई बोलू लागते. फार वर्षांपूर्वी एका गावात शिरताना हा आवाज ऐकू येई. तो लिंबाजी भडभुंज्याच्या भट्टीचा.

लिंबाजी मनानं फार मऊ माणूस. दिवस उगवायच्या आत तो भट्टीच्या तोंडाशी बसे, दोन्ही गुडघे विस्तवाच्या दोन बाजूंना टाकून. दिवस मावळला की उठे. त्याच्या चुरमुऱ्यांचं आसपासच्या गावांत नाव होतं. घरात म्हातारी आई होती आणि बायको चंद्रा. लग्नाला आठ वर्षं झाली तरी घरात मूल नव्हतं.

चंद्रानं उपास केले, कडू काढे पिऊन झाले, जो देव सांगितला त्याच्या पाया पडून झालं. शेवटी सासूनं ठरवलं, की सुगी संपेपर्यंत वाट बघायची. तोवर दिवस गेले नाहीत तर चंद्रानं माहेरी जावं, आणि लिंबाजीला आपल्या भावाची मुलगी करावी. भाऊ हैबती त्याला तयार होता.

लिंबाजीचा चंद्रावर जीव होता. तिला घरात कसं राखावं ते त्याला कळेना. आईपुढे बोलायची सवय नव्हती. मग भट्टीवर येणाऱ्या गिऱ्हाइकांनाच तो हळू आवाजात विचारू लागला. त्यांचं म्हणणं असं पडलं, की दोष बाईतच असतो, पण पुरुषाच्या अंगात जोर असला तर तो झाकला जातो. हे कसं काय, ते कुणालाच सांगता आलं नाही.

गवळी म्हणाला, दूध वाढव. तालमीचा वस्ताद म्हणाला, नुसत्या दुधानं काय होतंय, तूप आणि बदाम खा. तेल्यानं उडदाचे लाडू सांगितले, न्हाव्यानं कच्ची अंडी. एकानं आंबट बंद करायला लावलं आणि दुसऱ्यानं रोज लिंबू पिळून प्यायला. लिंबाजीला कुणाचं मन मोडवेना. त्यानं सगळंच सुरू केलं. लिंबावर दूध प्यायला त्या दिवशी तर त्याला सारखं उठून जावं लागलं, आणि कढईभर चुरमुरे करपले.

तीन महिन्यांत त्याचं पोट सुटलं. ओट्यावर चढतानाही धाप लागू लागली. चंद्रा एकदा त्याच्याकडे बघत म्हणाली, "अहो, दिवस मला जायचे होते ना?"

दोघंही हसले. 

पलीकडच्या गावात एक म्हातारे वैद्य होते. लिंबाजी चंद्राला तिकडे घेऊन गेला. वैद्यांनी तिची नाडी पाहिली, चार गोष्टी विचारल्या आणि तिला बाजूला बसवलं. मग लिंबाजीला म्हणाले, "आता तू ये पुढे."

लिंबाजी गोंधळला. दाखवायचं हिला आहे, असं त्यानं दोनदा सांगितलं. वैद्यांनी ते ऐकलंच नाही. काय खातोस, विचारलं. लिंबाजीनं सगळं सांगितलं, ते सांगायलाच बराच वेळ लागला. विस्तवाशी किती वेळ बसतोस? दिवसभर. तंबाखू? चंची कमरेलाच होती. दारू? बाजाराच्या दिवशी थोडी. झोप? भट्टीत जाळायचं भाताचं तूस रात्री भरून ठेवायचं असतं, त्यामुळे जेमतेम.

"एवढं सगळं घेतलंस," वैद्य म्हणाले. "सोडलंस काय?"

 लिंबाजी चंद्राकडे बघू लागला.

वैद्यांनी मग सावकाश समजावलं. मूल दोघांच्या बीजातून होतं, आणि पुरुषाच्या बीजाला आच सोसत नाही. तू एका हातानं बदाम खातोस आणि दिवसभर विस्तवापुढे बसून स्वतःलाच भाजून काढतोस. भट्टी दुपारच्या आत उरक. लांब दांड्याचा झारा कर आणि हातभर लांब उभा राहा. तंबाखू बंद, दारू बंद. भाकरी, डाळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, हंगामाचं फळ, एवढं पुरे. पोट उतरेपर्यंत रोज नदीपर्यंत चालत जा, आणि पोटभर झोप. नवं बीज तयार व्हायला तीन महिने लागतात, तेव्हा घाई नको.

"मग मूल होईल?"

"होईलच असं नाही सांगत. नाही झालं तर शहरात जाऊन तपासून घ्या. पण दोघांनी."

परत येताना लिंबाजी सारखा एकच म्हणत होता, की वैद्यांनी औषध तर दिलंच नाही. खायचं सोपं होतं, कुणीतरी द्यायचं आणि आपण गिळायचं. सोडायचं कसं, ते त्याला कळत नव्हतं. हात दहा वेळा कमरेकडे जाई. डोकं दुखे, आणि कारण नसताना तो गिऱ्हाइकावर चिडे. तरी त्यानं केलं. चंद्रा त्याच्याबरोबर नदीपर्यंत चालत जाई.

आईनं विचारलं, हे काय चाललंय? अंग जड झालंय म्हणून, असं त्यानं सांगितलं. वैद्यांनी काय सांगितलं, ते त्यानं घरात बोलून दाखवलं नाही. चंद्रानंही दाखवलं नाही.

दोन महिने झाले आणि सुगी संपली. एका सकाळी हैबती मामा लेकीचं लग्न ठरवायला शकुनाचा नारळ घेऊन ओट्यावर येऊन बसला. शेजारची चार माणसंही बसली. चंद्रा पाणी घेऊन आली, तेव्हा सासू तिच्यादेखतच भावाला म्हणाली, की लिंबाजी धडधाकट आहे, खोट हिच्यातच आहे, तू मुलीची काळजी करू नकोस.

लिंबाजी उभा होता. खोट कुणात आहे ते त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. बोलावं तर चारचौघांत हसं होणार. न बोलावं तर चंद्रा जाणार. 

"मामा," तो म्हणाला, "पथ्य वैद्यांनी मला दिलंय. हिला नाही."

 आई दबक्या आवाजात म्हणाली, "ही काय लोकांत बोलायची गोष्ट आहे?"

"हिचं आपण आठ वर्षं लोकांतच बोललो, आई." मग तो मामाकडे वळला. "तुमची लेक आणली आणि तरी मूल झालं नाही, तर तिलाही असंच ओट्यावर बसून बोलतील. मी तेव्हाही धडधाकटच ठरेन."

हैबतीनं त्याच्याकडे पाहिलं. मग पाण्याचा तांब्या धरून उभ्या असलेल्या चंद्राकडे पाहिलं. तो रागावला होता की त्याला आपली लेक आठवली होती, ते कुणालाच सांगता आलं नसतं. त्यानं नारळ उचलून पिशवीत घातला, पायांत वहाणा सरकवल्या आणि निघून गेला.

तात्पर्य: मूल हवं असेल तर पुरुषानंही आपलं खाणं, व्यसन, झोप आणि काम तपासून पाहावं. ताकदीचं काही खाण्याआधी अपाय करणारं सोडावं, आणि त्याच्याही आधी दोष बायकोवर ढकलणं सोडावं.