उलटे खिळे

जर्मनीतल्या एका गावात उर्सुला नावाची बाई छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायची. एकदा तिने नव्या बंडखोर पंथाचं पुस्तक छापलं, आणि शिपायांनी तिला बिशपपुढे उभं केलं. बिशपचं पोट मोठं, आवाज त्याहून मोठा.

"हे पुस्तक धर्माच्या उलट आहे. तू ते वाचलं असशील तर जिवंत जाळीन."

"शब्द न् शब्द वाचलाय, महाराज. पण खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात, आम्ही वाचतोही उलटं. उलट लिहिलेलं उलटं वाचलं, म्हणजे सरळच झालं की."

जमलेले पाद्री खुसखुसले.

"सोडा हिला," बिशप पुटपुटला. "यापुढे हिने फक्त माझी प्रवचनं छापायची."

"छापते की," उर्सुला म्हणाली. "वाचणार मात्र तीही उलटीच."